प्रदूषणाचे कागद आमच्या वाचनालयात कधी येणार?

मोठा कारखाना, खाण किंवा वीज केंद्र उभे राहण्यापूर्वी सरकारने आसपासच्या लोकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असा आपल्या देशात नियम आहे. यालाच जनसुनावणी म्हणतात. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या अधिसूचनेत तिची सगळी रीत सांगितली आहे. ही अधिसूचना लांबलचक आहे, किचकट आहे आणि सरकारी इंग्रजीत आहे. पण तिच्या परिशिष्टात एक बारीकसे वाक्य आहे आणि ते आम्हांला फार मोलाचे वाटते. नियोजित प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होणार, याचा जो अहवाल तयार होतो त्याचा सारांश राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने निवडक कार्यालयांत, सार्वजनिक ग्रंथालयांत किंवा पंचायतींत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा, असे ते वाक्य सांगते.

सार्वजनिक ग्रंथालयांत! म्हणजे तुमच्या-आमच्या वस्तीतल्या वाचनालयात.

हे वाक्य वाचल्यावर आम्ही ओळखीच्या पाच-सहा वाचनालयांत जाऊन विचारले, की असा सारांश आपल्याकडे कधी आला होता काय? एकाही ग्रंथपालाला तो आल्याचे आठवत नव्हते. एकाने तर आम्हांलाच उलट विचारले, "भाऊ, तो काय दिवाळी अंकासारखा असतो काय?" यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही. दोष आहे तो त्या वाक्यातल्या 'किंवा' या शब्दाचा. आम्ही आयुष्यभर कारकुनी करीत आलो आहोत, त्यामुळे 'किंवा'ची ताकद आम्हांला ठाऊक आहे. नियमात जिथे 'किंवा' असते तिथे साहेबलोक स्वतःला सोपे पडेल ते निवडतात. कार्यालयातील कागद कार्यालयातच ठेवणे हे सर्वांत सोपे. तेवढे केले की नियम पाळला गेला.

बंधू-भगिनींनो, या लेखात आम्हांला एवढेच मांडायचे आहे, की पर्यावरणाचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांनी वस्तीतल्या वाचनालयांचा हात धरावा. त्यात वाचनालयाचे भले आहे, आणि ज्यांच्या छातीत धूर जातो त्यांचे तर आहेच.

संध्याकाळी उघडे असणारे एकमेव दार

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. या कायद्याखाली शासनमान्य ग्रंथालयांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे वर्ग पाडले जातात आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. २०२२ मध्ये शासनाने या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला, ही चांगलीच गोष्ट झाली. तरीही 'ड' वर्गाच्या वाचनालयाचा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा. ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल, विजेचे बिल आणि थोडी पुस्तके यांतच रक्कम संपते. शेजारच्या राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर घेतात, तसा कर आपल्याकडच्या कायद्यात ठेवलेला नाही. शासनमान्यता नसलेली वाचनालये तर आणखी वेगळीच. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या नावाने समाजमंदिरात, विहाराच्या एका खोलीत, दोन कपाटे आणि एक सतरंजी घेऊन चालणारी अशी वाचनालये किती असतील! ती लोकवर्गणीवर चालतात आणि परीक्षेच्या दिवसांत पोरांनी भरलेली असतात.

पण या वाचनालयांपाशी एक गोष्ट आहे जी कोणत्याही सरकारी कार्यालयापाशी नाही. ती संध्याकाळी उघडी असतात.

सुनावणीच्या प्रकल्पाचा सविस्तर अहवाल कुठे पाहायला मिळतो? जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा महानगरपालिकेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयात. ही सगळी कार्यालये कामाच्या वेळेत उघडी असतात. बिगारी करणारा माणूस, घरकाम करणारी बाई, कंपनीत कंत्राटावर असलेला तरुण यांनी तिथे जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. तीसुद्धा पहिल्या फेरीत काम होईल याची खात्री नसताना.

सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. आता विचार करा, आपल्या घरांत रोज किती वर्तमानपत्रे येतात? वस्तीतला पेपर वाचला जातो तो वाचनालयातल्या लाकडी टेबलावर. म्हणजे सूचना पोहोचण्याचे ठिकाणही तेच आहे. ग्रंथपालाने ती सूचना कात्रीने कापून फळ्यावर लावली आणि शेजारी अहवालाचा मराठी सारांश ठेवला, तर ३० दिवसांत सगळी वस्ती तयार होईल. आज काय होते? सुनावणीच्या दिवशी मंडप पडतो, खुर्च्या मांडतात, चहा-बिस्किटे येतात, आणि तेव्हा कुठे लोकांना कळते की आज काहीतरी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्याला उत्पादन वाढवायचे होते, तेव्हाची हकीकत सांगतो. कारखान्याचे आणि कार्यालयाचे नाव सांगत बसत नाही, कारण अशी हकीकत कुठल्याही जिल्ह्यात घडते. आम्ही अर्धी किरकोळ रजा टाकून अहवाल पाहायला गेलो. सोबत महिला मंडळाच्या एक ताई आणि एक निवृत्त कामगार होते. पहिल्या दिवशी उत्तर मिळाले, "कपाटाची चावी साहेबांकडे आहे आणि साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या." दुसऱ्या दिवशी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ टेबलावर ठेवला गेला. झेरॉक्स मिळणार नाही, इथेच बसून वाचा, असे सांगितले. वेळ एक तास.

आता आम्ही बी.कॉम. झालेले, पर्यावरणशास्त्र आम्हांला काय कळणार? पण ताळेबंद वाचायची सवय असलेल्या माणसाला तक्ता वाचता येतो. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "दादा, ह्यात आपल्या वस्तीच्या विहिरीचं पाणी कुठं तपासलंय ते बघा." आम्ही पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता शोधला. दहा-बारा गावांची नावे होती. आमच्या वस्तीचे नाव नव्हते. कारखान्याच्या उताराकडची, सर्वांत जवळची वस्ती आमचीच, आणि तिथला एकही नमुना घेतलेला नव्हता!

सुनावणीच्या दिवशी अनेकांनी तावातावाने भाषणे केली. ताई उठल्या आणि त्यांनी फक्त तक्त्याचा क्रमांक सांगून विचारले, की आमच्या विहिरीचे पाणी का तपासले नाही? व्यासपीठावर कुजबूज झाली. सुनावणीचे इतिवृत्त शेवटी सर्वांसमोर वाचून दाखवावे लागते, असा नियमच आहे. त्या इतिवृत्तात बाकीच्या भाषणांचे 'ग्रामस्थांनी विरोध दर्शविला' एवढेच झाले होते, पण ताईंचा प्रश्न जसाच्या तसा उतरला होता. पुढे विहिरीचा नमुना घेतला गेला. एका तासाच्या वाचनाने एवढे झाले. तोच अहवाल महिनाभर वाचनालयात असता तर किती तायांनी किती तक्ते शोधले असते!

कागदाने काय होते

कागदाचे महत्त्व आम्ही उगाच सांगत नाही. मुंबईत चेंबूरजवळ माहुल आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी माणसे राहतात. तिथल्या कोळी बांधवांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केईएम रुग्णालयाने केलेल्या श्वसनाच्या आजारांच्या सर्वेक्षणाचा आधार घेऊन लवादाने २०१५ च्या डिसेंबरात सांगितले, की इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. पुढे तानसा जलवाहिनीजवळच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना त्याच माहुलमध्ये पाठवण्यात आले. तेव्हा ही कुटुंबे 'आम्हांला इथे नको' म्हणून भांडली, त्यांना हाच निकाल उपयोगी पडला. तिथे राहायला न जाणाऱ्यांना महिना १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. डॉक्टरांनी तपासून लिहून ठेवलेला कागद होता म्हणून हे झाले. नुसते 'वास येतो साहेब' म्हणून झाले नसते.

आणि चंद्रपूर. १६ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा सोहळ्यामुळे या गावाचे नाव आपल्या प्रत्येक घरात घेतले जाते. त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुण दिले. हे गुण परीक्षेतल्यासारखे नव्हेत. जितके जास्त तितके वाईट. ७० च्या वर गेले की 'अतिप्रदूषित'. देशात चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट सगळे तिथे आहे. त्यानंतर राज्य मंडळाने चंद्रपूरसाठी कृती आराखडा तयार केला. तो आराखडा चंद्रपुरातल्या, दुर्गापुरातल्या, बल्लारपुरातल्या वाचनालयांच्या कपाटांत मराठीत असायला हवा. कोणत्या वर्षी काय करू म्हणाले आणि काय केले, हे खाणीतल्या कामगाराच्या मुलीला पाने उलटून पाहता आले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे आता संगणकावर असते. केंद्र सरकारचे 'परिवेश' नावाचे संकेतस्थळ २०१८ पासून आहे, मोबाईलवर उघडा आणि वाचा. खरे आहे, आणि ते असावेच. पण पाचशे पानांचा इंग्रजी अहवाल चार बोटांच्या पडद्यावर वाचून दाखवावा, असे आमचे त्या सज्जनांना नम्र सांगणे आहे. भाषेची तर वेगळीच रडकथा. २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला तेव्हा तो इंग्रजी व हिंदीतच होता. आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत त्याचे भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. सारांश स्थानिक भाषेत द्यावा असे २००६ च्या अधिसूचनेत आहे. मराठी सारांश निघतात. पण ते वाचून पाहा, मूळ इंग्रजी बरे वाटेल.

हे आमच्याच डोक्यातून निघालेले खूळ नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनाल नावाची कामगार वस्ती होती. एका रासायनिक कंपनीने पुरलेल्या हजारो टन विषारी कचऱ्यावर तिथे शाळा आणि घरे बांधली गेली होती. लोइस गिब्स या गृहिणीने स्थानिक वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचल्या, मुलाच्या आजारपणाशी त्यांचा मेळ घातला आणि घरोघर फिरून माणसे गोळा केली. १९७८ साली तिथे आणीबाणी जाहीर झाली आणि १९८० साली अशा जागा साफ करण्यासाठी 'सुपरफंड' कायदा आला. त्या कायद्याच्या नियमांत असे आहे, की जिथे सफाई चालू आहे तिथल्या लोकांना जवळच सगळे कागद पाहता आले पाहिजेत. असे कागद पुष्कळदा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवले जातात. पण एवढ्याने अमेरिकेची आरती करायला नको. तिथल्याच पर्यावरण संस्थेने २००६ साली काटकसरीच्या नावाखाली शिकागो, डॅलस, कॅन्सस सिटी येथील आपली ग्रंथालये लोकांसाठी बंद केली होती. ओरड झाली, संसदेने कान पिळले, तेव्हा २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. म्हणजे कुठलेही सरकार असो, काटकसर करायची झाली की पहिली कात्री कपाटावर चालते.

मंडळाने काय द्यावे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. १९७४ च्या जल कायद्यात राज्य मंडळाची जी कामे सांगितली आहेत, त्यांत पाण्याच्या प्रदूषणाची व ते रोखण्याची माहिती गोळा करणे आणि ती लोकांत पसरवणे हे एक काम आहे. म्हणजे आम्ही कुणाकडे उपकार मागत नाही. याच कायद्यात आणि १९८१ च्या हवेच्या कायद्यात मंडळाने संमती दिलेल्यांची नोंदवही ठेवावी आणि ज्याचा संबंध येतो अशा कोणाही माणसाला ती पाहू द्यावी, असे लिहिले आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती नोंदवही पाहिली आहे? तिची आपल्या तालुक्यापुरती नक्कल तालुक्याच्या वाचनालयात ठेवली तर मंडळाचे काय बिघडते? कोणत्या नाल्यात कोणत्या कंपनीला किती पाणी, कसे करून सोडायची परवानगी आहे, हे नाल्याकाठी राहणाऱ्याला कळेल एवढेच.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर एक गंमत आहे. चौथ्या कलमात प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपण होऊन काय काय जाहीर करावे याची यादी आहे. त्यात लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असेही आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाचनकक्ष होता! कार्यालयापाशी जागा नसेल तर आमचे वाचनकक्ष आहेत. सतरंजी आमची, कागद तुमचे.

खर्चाचा बाऊ कोणी करू नये. सारांश वीस पानांचा धरा. झेरॉक्सचा दर पानाला दोन रुपये धरा. दहा वाचनालयांना एकेक प्रत दिली तर ४०० रुपये होतात. सुनावणीच्या मंडपातल्या चहाचे बिल याहून जास्त होते.

पण नुसता कागद टाकून जाणे म्हणजे मदत नव्हे. ग्रंथपालाला तो कळला पाहिजे. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याने वर्षातून दोनदा तालुक्यातल्या ग्रंथपालांना एकत्र बसवून सांगावे, की हा अहवाल, हा त्यातला पाण्याचा तक्ता, हा हवेचा, आणि मर्यादा ही. हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीची, म्हणजे पी.एम. २.५ ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, एवढे ग्रंथपालाला पाठ झाले तरी तो दहा जणांना सांगेल. पुस्तकांवर क्रमांक टाकणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती नसते.

हवेचा निर्देशांक देशात २०१५ पासून आहे. ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अति खराब, त्यापुढे गंभीर. जिथे मंडळाचे मोजणी केंद्र जवळ आहे तिथल्या वाचनालयाबाहेर एक फळा असावा आणि त्यावर रोज सकाळी खडूने तो आकडा लिहावा. ज्या माउलीच्या लेकराला दमा आहे, ती त्या दिवशी त्याला मैदानावर पाठवायचे की नाही ते ठरवील. मात्र केंद्र वीस किलोमीटर दूर असेल तर तो आकडा आपला म्हणून लिहू नये. तिथे फळ्यावर 'आपल्या भागात मोजणी केंद्र नाही' असे लिहावे. तेही लोकांना कळायलाच हवे.

आणि शांतता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र करता येते. ग्रंथालयाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. अभ्यासिकेत पोलीस भरतीचा, तलाठी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी डी.जे.च्या दणक्यात पाठांतर करायचे काय? मंडळाने वाचनालयांपाशी आवाज मोजून द्यावा, नगरपालिकेने तिथे फलक लावावा. आपल्या मिरवणुकांचाही या आवाजात वाटा असतो, हे आपण मोकळेपणाने बोलावे. दुसऱ्याच्या भोंग्याबद्दल बोलायचा अधिकार त्यानेच मिळतो.

पैसा कुठून यावा

मंडळाचे उत्पन्न मुख्यतः कारखान्यांकडून घेतल्या जाणाऱ्या संमती शुल्कातून येते. त्यातला अगदी लहान वाटा प्रदूषित भागांतल्या वाचनालयांच्या वर्गणीसाठी, एका कपाटासाठी, ग्रंथपालाच्या जादा दोन तासांच्या मानधनासाठी ठेवता येईल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, जालना अशी आपली बरीच शहरे आहेत. २०२० पासून राज्याच्या पर्यावरण खात्याचे 'माझी वसुंधरा' अभियान आहे, त्यात नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना गुण देतात. भिंतीवर झाडे रंगवण्यापेक्षा वाचनालयातल्या पर्यावरणाच्या कपाटाला चांगले गुण द्या, मग नगरपालिका आपण होऊन धावत येते की नाही पाहा!

कंपन्यांचेही पैसे आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत असे आहे. कशावर खर्च करावे त्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणही आहे आणि 'सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे' हेही आहे. शिवाय सुनावणीत लोकांच्या मागण्यांवरून कंपनी जे कबूल करते, ते प्रकल्पाच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालावे असे मंत्रालयाने २०२० मध्ये कळवले आहे. म्हणजे सुनावणीत उठून 'वाचनालयाला जागा आणि फर्निचर' मागता येते आणि ते कागदावर आणता येते.

इथे आमचे मत स्पष्ट सांगतो. कंपनीचा पैसा थेट हातात घेऊ नये. तो ग्रामपंचायतीमार्फत किंवा नगरपालिकेमार्फत यावा, आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीत कंपनीचा माणूस नसावा. ज्याच्या धुराचा अहवाल कपाटात ठेवायचा आहे, त्याच्याच नावाची पाटी कपाटावर लागली तर ग्रंथपालाचा हात अडखळेल. काही मंडळी म्हणतील, की मिळते ते घ्या, नखरे कसले करता? आम्हांला हा नखरा वाटत नाही. कंपनीने दिलेल्या बाकावर बसून कंपनीला प्रश्न विचारणे अवघड जाते, हे कामगारांच्या वस्तीत वेगळे समजावून सांगायला नको.

मंडळाच्या बाबतीतही असेच. वाचनालय म्हणजे मंडळाचा सूचना फलक नव्हे. मंडळाचा अहवाल ठेवायचा, तसाच त्याच्याविरुद्धचा लवादाचा निकालही ठेवायचा. दोन्ही एकाच फळीवर.

आता करायचे काय

ज्या वाचनालयाच्या आसपास पर्यावरण मंजुरी घेतलेला प्रकल्प आहे, त्यांनी दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. १ जून आणि १ डिसेंबर. मंजुरी देताना घातलेल्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल प्रकल्पाला या दोन तारखांना दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि अर्ज केल्यास कोणालाही त्याची प्रत मिळते, असे २००६ च्या अधिसूचनेतच लिहिले आहे. मंजुरीपत्राची प्रतही स्थानिक स्वराज्य संस्थेकडे येते आणि तिने ती ३० दिवस लावून ठेवायची असते. ३० दिवस झाल्यावर ती रद्दीत जाण्यापूर्वी वाचनालयाने मागून घ्यावी.

अर्ज वाचनालयाच्या छापील कागदावर करावा. मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावे एक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक. 'आमच्या वाचनालयात आपल्या कार्यक्षेत्रातील जनसुनावण्यांचे मराठी सारांश, इतिवृत्ते व सहामाही अहवाल लोकांना पाहण्यासाठी ठेवण्याची व्यवस्था आहे, तरी एक प्रत पाठवावी' एवढा मजकूर पुरे. शासनमान्य वाचनालयांनी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही प्रत द्यावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. महिन्याने उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्याच आवक क्रमांकाचे काय झाले ते विचारावे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने अर्ज केला तर तेही दहा रुपये लागत नाहीत.

कागद आला, की ग्रंथपालाने पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारावा आणि पुस्तकाप्रमाणेच दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यावा. दाखल नोंदवहीत एकदा चढलेली वस्तू काढून टाकायची झाल्यास कार्यकारिणीचा ठराव लागतो.